एकाच एसएसडीवर विंडोज आणि उबुंटू: चालू संगणकातून ड्राइव्हच नाहीशी होते

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. घरी असेंबल केलेल्या डेस्कटॉपबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून हा संगणक ऐरोलीत जोडला असून पीसीआयई ४.० (मदरबोर्डवरील जलद जोडणीचा प्रकार) ची १ टेराबाइटची एम.२ एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणारी चिपची ड्राइव्ह, प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये बसवली आहे. तिच्यावर विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ वेगवेगळ्या पार्टिशनवर आहेत. माझे हिशेबाचे काम विंडोजवर आणि मुलीचा प्रोग्रॅमिंगचा अभ्यास उबुंटूवर चालतो, त्यामुळे दोहोंपैकी एक प्रणाली काढून टाकणे शक्य नाही.

उबुंटूत काम चालू असताना अचानक फाइल जतन होईनाशी होते, टर्मिनलमध्ये फाइलींची साधी यादी मागितली तरी ‘इनपुट/आउटपुट एरर’ येते आणि फाइल सिस्टीम ‘रीड ओन्ली’ झाल्याचे दिसते. विंडोजमध्ये आधी सगळे गोठते, मग निळा पडदा येऊन ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ असे दिसते, पण बिघाडाची नोंद (डंप) साठवण्याची टक्केवारी शून्यावरच अडकते. त्यानंतर नुसते रीस्टार्ट केल्यास बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) ड्राइव्ह दिसतच नाही. एसएमपीएसचे (वीजपुरवठ्याच्या डब्याचे) मागचे बटण बंद करून थोडे थांबले की ती परत येते आणि दोन्ही प्रणाली काहीच न घडल्यासारख्या सुरू होतात. ड्राइव्हच्या प्रकृतीच्या स्मार्ट अहवालात मीडिया एरर (साठवणीतील त्रुटी) शून्य आणि अव्हेलेबल स्पेअर (राखीव जागा) १०० टक्के आहे. फक्त अनसेफ शटडाउनचा, म्हणजे ड्राइव्ह नीट बंद न होता वीज तुटल्याचा, आकडा वाढत चालला आहे.

ओळखीच्या दुकानदाराच्या मते ड्युअल बूटमुळे (एकाच संगणकावर दोन प्रणाली असल्याने) असे होते आणि दोन्ही प्रणाली पुसून नव्याने टाकाव्यात. तसे करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे कसे ठरवावे?

कळवेकर

पुढचे काहीही करण्याआधी, ड्राइव्ह दिसत आहे तोवरच, हिशेबाच्या फाइली आणि मुलीचे काम बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, ही विनंती. जुनी हार्ड डिस्क बिघडताना पुष्कळदा आवाज करून सूचना देई. एसएसडी तेवढीही सवड देत नाही.

ड्युअल बूटला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरी तेव्हा पार्टिशनवर पडून राहिलेली माहिती असते आणि ती चालू प्रणालीखालून ड्राइव्ह काढून घेऊ शकत नाही. उलट वेगवेगळे ड्रायव्हर वापरणाऱ्या दोन प्रणाली एकच हकीगत सांगत आहेत, हे एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन साक्षीदारांची जबानी जुळण्यासारखे आहे. सगळे पुसून टाकल्याने बिघाड जाणार नाही, पुरावा मात्र जाईल.

फक्त विंडोजच कोसळत असते तर माझे मत वेगळे असते. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या, स्वतःची तात्पुरती मेमरी (डीरॅम) नसलेल्या काही ड्राइव्हवर निळे पडदे येऊ लागले होते. अशा ड्राइव्ह संगणकाच्या रॅममधली थोडी जागा आपल्या कामासाठी घेतात, आणि नव्या आवृत्तीत त्यांना मागितलेली २०० मेगाबाइट जागा पूर्ण मिळू लागताच त्या अडखळू लागल्या; कंपनीने फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) सुधारून ते निस्तरले. तुमच्याकडे उबुंटूही त्याच पद्धतीने पडते, म्हणून हे कारण मी मागे ठेवतो. तरी फर्मवेअर अद्ययावत आहे का, हे उत्पादकाच्या विंडोजवरील साधनातून अवश्य पाहावे. क्रुशलच्या एम४ मालिकेतील ड्राइव्ह ५,१८४ तासांच्या वापरानंतर प्रतिसाद देणे थांबवत असत आणि जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या फर्मवेअरनेच तो दोष गेला होता, हे या क्षेत्रातील जुन्या मंडळींना आठवत असेल.

आता पुराव्याकडे वळू. तुमच्या प्रकरणातली खरी अडचण अशी की, ज्या ड्राइव्हवर नोंदवही लिहिली जाते तीच ड्राइव्ह नाहीशी होते, त्यामुळे रीस्टार्टनंतर जर्नलमध्ये शेवटच्या क्षणाचे काहीच सापडत नाही. यासाठी दुसऱ्या लॅपटॉपवरून या संगणकात एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या सोयीने) शिरून कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, संदेश सतत दाखवणारी डीमेसेज कमांड चालू ठेवा. ती आधीच मेमरीत असल्याने ड्राइव्ह गेल्यावरही संदेश तुमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर उमटतील आणि त्याचे छायाचित्र घेता येईल. त्यात ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’ अशा अर्थाची ओळ आणि तिच्यापुढे सीएसटीएसची (ड्राइव्हच्या कंट्रोलर चिपची स्थिती सांगणाऱ्या रजिस्टरची) किंमत शोधावी. ती किंमत सगळी ‘एफ’ असेल, तर कर्नलने कंट्रोलरचे रजिस्टर वाचू पाहिले आणि पीसीआयईवरून उत्तरच आले नाही, असा अर्थ होतो. उत्तर न आल्यास सगळे बिट १ वाचले जातात. मग संशय माहिती साठवणाऱ्या पेशींवर न राहता कंट्रोलर, त्याचा वीजपुरवठा किंवा स्लॉटमधील जोडणी यांच्यावर जातो. स्मार्ट अहवाल इतका स्वच्छ का, तेही यातून कळते. तो अहवाल कंट्रोलरच ठेवतो आणि गप्प झालेला कंट्रोलर स्वतःच्या गप्प होण्याची नोंद करू शकत नाही.

ड्राइव्ह रिकामी बसलेली असताना पडते की मोठी फाइल उतरवताना, हेही लिहून ठेवा, कारण पुढची दिशा त्यावरच ठरेल. रिकामी असताना पडत असेल, तर वीजबचतीची व्यवस्था तपासावी लागेल. एनव्हीएमई ड्राइव्ह काम नसताना आपण होऊन अधिकाधिक खोल विश्रांतीच्या पायऱ्यांवर उतरते. लिनक्समध्ये ही सोय २०१७ साली कर्नल ४.११ पासून आली. काही ड्राइव्ह आणि मदरबोर्डच्या जोड्यांमध्ये सर्वांत खोल पायरीवरून परत येताना कंट्रोलर अडकतो. ग्रबच्या (सुरुवातीला प्रणाली निवडण्याच्या) मेनूत उबुंटूवर असताना ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ आणि ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हे पॅरामीटर जोडल्यास ही बचत त्या एका बूटपुरती बंद होते. अलीकडचे कर्नल वर सांगितलेल्या संदेशाबरोबरच हे दोन्ही पॅरामीटर सुचवते. स्पेलिंग तेथूनच जसेच्या तसे उतरवावे. विंडोजला या बदलाची काहीच खबर नसते, म्हणून तेथे पॉवर ऑप्शन्समधील ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ स्वतंत्रपणे बंद करावे लागेल.

नौपाड्याचा रहिवासी

कळवेकरांशी मी सहमत आहे. फक्त दोन सावधगिरीच्या गोष्टी जोडतो.

फाइल सिस्टीम रीड ओन्ली झाली की चेकडिस्क किंवा एफएससीके ही दुरुस्तीची साधने चालवण्याचा मोह होतो. ड्राइव्ह मध्येच नाहीशी होत असताना दुरुस्ती चालवणे धोक्याचे आहे, कारण दुरुस्तीचे लेखन अर्ध्यावर तुटले तर आधी शाबूत असलेली रचनाही बिघडू शकते. आधी प्रत, मग कारणाचा शोध आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.

दुसरी गोष्ट विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ची. ते चालू असल्यास शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलचा भाग हायबरनेशनच्या फाइलीत जतन होतो आणि विंडोजचे एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघड्या अवस्थेत राहते. त्या अवस्थेत उबुंटूमधून त्यावर लिहिणे म्हणजे माहितीची नासाडी ओढवून घेणे होय. ड्राइव्ह नाहीशी होण्याचे हे कारण नाही, परंतु दोन दोष एकत्र आले की निदान कठीण होते, म्हणून फास्ट स्टार्टअप आजच बंद करावे.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तिचा संबंध अनेकजण लावतील. वीज गेल्यानेही अनसेफ शटडाउनचा आकडा वाढतो, पण वीज असताना आणि संगणक चालू असताना ड्राइव्ह जाणे ही निराळी बाब आहे. तो आकडा एकटा पाहून निष्कर्ष काढू नये.

घोडबंदर रस्ता

मी संगणक जोडणीचे काम करतो, त्यामुळे हार्डवेअरच्या बाजूने लिहितो. कॅबिनेट उघडण्यापूर्वी विंडोजमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहा आणि असल्यास बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. विंडोज ११ मध्ये हे पुष्कळदा वापरकर्त्याच्या नकळत चालू असते, आणि बायोस अद्ययावत केल्यावर किंवा त्यातील काही सेटिंग बदलल्यावर विंडोज ती की मागते. की नसल्यास निरोगी ड्राइव्हवरचीही माहिती हाती लागत नाही. हे मी मुद्दाम आधी लिहीत आहे, कारण बिघाड सापडूनही काम गमावलेले ग्राहक पाहून वाईट वाटते.

त्यानंतर ड्राइव्ह काढून पुन्हा नीट बसवा. तिच्या टोकाखालचा स्टँडऑफ (आधाराचा छोटा खांब) योग्य उंचीचा आहे ना आणि स्क्रू आवळल्यावर ड्राइव्ह वाकत नाही ना, हे पाहा. हीटसिंकच्या थर्मल पॅडवरील प्लास्टिकचा पातळ कागद काढलेला आहे याची खात्री करा. तो राहिला असेल तर उष्णता बाहेर जात नाही. बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’ऐवजी ‘जेन ३’ (पीसीआयई ३.०) करून पाहा. पीसीआयई ४.० चा वेग ३.० च्या दुप्पट असल्याने संकेतांची गुणवत्ता थोडी जरी कमी असली तरी त्रुटी तेथे आधी दिसतात. एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करून मेमटेस्ट ही रॅमची चाचणीही चालवा, कारण सदोष रॅममुळे फाइली बिघडतात. मात्र रॅममुळे ड्राइव्ह बायोसमधून नाहीशी होत नाही.

एवढ्याने न भागल्यास अदलाबदल करा. हीच ड्राइव्ह चिपसेटच्या (प्रोसेसरऐवजी मदरबोर्डच्या चिपला जोडलेल्या) स्लॉटमध्ये आणि दुसरी कोणतीही चांगली ड्राइव्ह या स्लॉटमध्ये, अशी दोन्ही बाजूंनी चाचणी घेतल्याशिवाय मी ना मदरबोर्डला दोष देत, ना ड्राइव्हला. काही मदरबोर्डवर चिपसेटचा एम.२ स्लॉट वापरल्यास साटाचे (हार्ड डिस्क जोडण्याचे) एखाद-दुसरे पोर्ट बंद होते. पुस्तिकेत पाहून घ्या, म्हणजे हार्ड डिस्क दिसली नाही तर घाबरायला होणार नाही.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. प्रत आधी घेतली आणि फास्ट स्टार्टअप बंद केले. लॅपटॉपवर संदेश मिळाला: सीएसटीएस सगळे ‘एफ’. वीजबचत बंद केल्यावर रिकामी असताना ड्राइव्ह पडणे कमी झाले, पण मोठी फोल्डर उतरवताना ती दोन्ही प्रणालींत पडतच राहिली. जेन ३ केल्यानेही फरक पडला नाही. फर्मवेअर आणि बायोस दोन्ही अद्ययावत आहेत. चिपसेटच्या स्लॉटमध्येही तोच संदेश आला आणि मूळ स्लॉटमध्ये मित्राची ड्राइव्ह मात्र तेवढ्याच कामात निर्धोक चालली. ड्राइव्ह वॉरंटीत आहे. परत देताना काय काळजी घ्यावी?

कळवेकर

मग निदान झाले: स्लॉट आणि एसएमपीएस सुटले, ड्राइव्हच सदोष आहे. संदेशाचे छायाचित्र आणि अदलाबदलीचा निकाल अर्जासोबत लिहून द्या, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये केवळ स्मार्ट अहवाल पाहिला तर ड्राइव्ह ठणठणीत ठरून परत येण्याची शक्यता असते. देण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू सुरू करून एनव्हीएमईच्या फॉरमॅट कमांडने ‘सिक्युअर इरेज’ करा; हिशेबाची माहिती परक्या हाती जाता कामा नये. नव्या ड्राइव्हवर दोन्ही पार्टिशन पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट करा, कारण पूर्ण मेलेली ड्राइव्ह पुसता येत नाही.

जुन्या ड्राइव्हचा क्लोन घेऊ नका. इतक्या वेळा मध्येच तुटलेल्या फाइल सिस्टीमची प्रत घेतली तर तिच्यातील त्रुटीही सोबत येतील. आधी विंडोज आणि नंतर उबुंटू टाका, म्हणजे ग्रब शेवटी बसेल आणि मेनूत दोन्ही प्रणाली दिसतील. बूटसाठीचे ईएफआय पार्टिशन विंडोज सहसा १०० मेगाबाइटचेच करते; आधीच हाताने ५०० मेगाबाइटचे करून ठेवल्यास पुढे जागेची अडचण येणार नाही. कर्नलचे ते दोन पॅरामीटर नव्या ड्राइव्हवर लगेच घालू नका. आधी त्यांच्याशिवाय मोठी फोल्डर उतरवून आणि संगणक रात्रभर रिकामा ठेवून पाहा.