प्रति: जेफरसनला वारशात मिळालेले गुलाम

"गुलाम वारशात आले, त्यात जेफरसनचा काय दोष?" हा अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा मला अजिबात पटत नाही. वारशात नेमकं काय आलं ते आधी पाहू. त्याचे सासरे जॉन वेल्स १७७३ मध्ये वारले. मुलगी मार्थाच्या वाट्याला, म्हणजे कायद्याने जावयाच्याच हाती, सुमारे ११ हजार एकर जमीन, १३५ गुलाम आणि डोक्यावर मोठं कर्ज आलं.

या १३५ जणांत एलिझाबेथ हेमिंग्ज आणि तिची मुलं होती. त्यांतल्या सहा जणांचा बाप खुद्द वेल्स, असं बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे मार्थाला स्वतःची सावत्र भावंडंच मालमत्ता म्हणून मिळाली. पुढे जिच्यापासून जेफरसनला मुलं झाली असं बहुतेक इतिहासकार मानतात, ती सॅलीही, तेव्हा तान्ही, त्यांतलीच. जेफरसन राहत होता त्या व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाला आईचा दर्जा मिळे, त्यामुळे बाप मालक असला तरी मूल गुलामच राही. इतका निर्दय कायदा कुणाच्या सोयीसाठी केला होता, हे वेगळं सांगायला नको.

आणि "हात बांधलेले होते" म्हणावं, तर १७८२ पासून व्हर्जिनियात मालकाला गुलाम मुक्त करायची मुभा होती. जेफरसनने हयातीत रीतसर मुक्त केले ते दोघेच, दोघेही हेमिंग्ज भाऊ. मृत्युपत्रात आणखी पाच. त्या पाचांत लोहार जो फॉसेट होता, पण त्याची बायको एडिथ आणि मुलं नव्हती. मालकाचं कर्ज फेडायला ती १८२७ च्या लिलावात विकली गेली. नातेवाइकांनी धडपडून काहींना सोडवलं. अकराव्या वर्षी विकला गेलेला जो-एडिथचा मुलगा पीटर १८५० मध्ये सुटला.