मागवलं एक मशीन, आली चार. ‘ठेवून घ्या’ म्हणणारा मालाचा मालकच नसेल तर?

चटणीवाली

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, जरा सविस्तर लिहिते.

सोलापुरात आमचा बायकांचा बचत गट आहे. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करतो. एरवी ओळखीची गिऱ्हाईकं, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत स्टॉल. पाकिटं बंद करायला हाताने दाबायचं एक सीलिंग मशीन ऑनलाइन मागवलं. दीड-दोन हजारांचं असेल. खोकं आलं ते भलतंच जड. उघडलं तर आत एकाऐवजी चार मशीनं, चारही कोरी. बिलावर मात्र नग एक, पैसे एकाचेच.

ज्या ॲपवरून मागवलं त्यांच्या कस्टमर केअरला चॅटवर फोटो पाठवले. पलीकडून उत्तर आलं की आमच्या सिस्टिममध्ये एकच नग दिसतो, त्यामुळे जादाच्या मालाचा पिकअप लावता येत नाही, तुम्ही ठेवून घ्या. वर आभारही मानले.

गटात आनंदीआनंद झाला. तीन जणींच्या घरी एकेक मशीन गेलं तर पाकिटांचं काम वाटून होईल, खरंच सोय होईल. पण खोक्यावर विकणाऱ्याचं नाव आहे. सुरतेकडचं एक छोटं दुकान दिसतंय, मोबाइल नंबरही आहे. ॲपवाले मधले. माल त्यांचा नाहीच, मग तो मला देऊन टाकणारे ते कोण? माझं मन इथेच अडतं. शेजारच्या घरची वस्तू घ्यायला कोपऱ्यावरच्या वॉचमनने परवानगी द्यावी, तसं वाटतंय.

मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. ते म्हणतात, गठ्ठ्यात डझनाला टॉवेल कमी गेला तर व्यापाऱ्याचा फोन त्याच दिवशी येतो. जादा गेला तर कुणीच फोन करत नाही. तो कमी पडलेला माल स्टॉक मोजताना उघडा पडतो, आणि तेव्हा मालकाच्या आधी पॅकिंगवाल्याला उभं करतात. सुरतेलाही कुणीतरी हाताने हे खोकं भरलंच असणार. त्या माणसाचा विचार डोक्यातून जात नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला सहज खोडता येत नाही. आमच्या गटात एक मावशी आहेत, आयुष्यभर विड्या वळल्या त्यांनी. हजार विड्यांमागे मजुरी. कारखान्यात माल दिला की त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढायच्या, त्यांचे पैसे नाहीत. पानं कमी पडली तर पदरची घालायची. त्या मला म्हणाल्या, “जन्मभर आमच्याकडनं जास्तीचं घेतलं लोकांनी, एकानं तरी परत आणून दिलं का? आज आपल्याकडं चार आलं तर तुला लगेच पाप दिसायलंय.” मी गप्प बसले. त्यांच्याशी खोटं बोलवत नाही आणि त्यांचं म्हणणं पटतही नाही. सुरतेच्या दुकानदाराने मावशींची मजुरी कापलेली नाही, हे मला कळतं. पण ते त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

तर विचारायचंय ते असं. विकणाऱ्याला थेट फोन करावा का? परत पाठवायचा खर्च आमच्यावर येतो का? गटाकडे त्यासाठी पैसे नाहीत. आणि मावशींना न दुखावता हे कसं मांडू?

पांथस्थ

ताई, एवढा विचार नका करू. चॅटचा स्क्रीनशॉट आहे ना? विषय संपला. परदेशात तर कायदाच आहे, न मागवता दारात आलेला माल फुकट भेट समजायचा.

वकिली चष्मा

पांथस्थ, तो कायदा अमेरिकेतला, १९७० चा. लोकांच्या घरी न मागवलेल्या वस्तू मुद्दाम पोस्टाने पाठवायच्या आणि मागून पैशांचा तगादा लावायचा, असल्या कंपन्यांना आवरायला तो आणला. इंटरनेटवर तोच सगळीकडे फिरतो आणि आपल्याकडचे लोकही तो घोकतात. सोलापुरात तो लागू नाही.

आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२. त्याचं कलम ७२ सरळ आहे: चुकून पैसे मिळाले किंवा वस्तू हाती आली, तर ती परत करायची. ताई, तुमच्या खर्चाच्या प्रश्नाचं उत्तर मालविक्री कायदा, १९३० मध्ये आहे. ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर कलम ३७ प्रमाणे ठरलेला तेवढा ठेवून बाकीचा नाकारता येतो. सगळा ठेवून घेतलात तर सगळ्याचे पैसे ठरल्या भावाने द्यायचे. आणि कलम ४३ म्हणतं की रीतसर नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारी, वेगळं काही ठरलं नसेल तर, घेणाऱ्यावर नाही. नाकारतोय हे विकणाऱ्याला कळवलं की पुरे. म्हणजे कुरिअरचा भुर्दंड गटावर नाही, पण कळवणं तुमच्याकडे. आणि ते विकणाऱ्याला, ॲपला नव्हे.

माहीत असूनही बदनियतीने दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून वापरली तर तो गुन्हाही होतो. पूर्वी भादंवि ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. तुम्ही स्वतःहून कळवलंय, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. हे फक्त पांथस्थांसाठी लिहिलं.

टॉवेलवाला

चटणीवाली ताई, मी चाटी गल्लीजवळचा. टॉवेल-चादरी असल्याच ॲपवर विकतो, म्हणून दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगतो.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: ॲपमधलं ‘रिटर्न’चं बटण अजिबात दाबू नका. ते दाबलं की तुम्ही पैसे देऊन घेतलेलं मशीनच परत चाललंय असं सिस्टिम धरते, तुमचे पैसे तुम्हाला मिळतात आणि ते विकणाऱ्याच्या हिशेबातून जातात. चांगलं करायला जाल आणि त्याचंच नुकसान दुप्पट होईल.

‘ठेवून घ्या’ म्हणणाऱ्या पोराला दोष देऊ नका. त्याला समोरची तक्रार बंद करायची असते. पण त्याच्या एका वाक्याने त्याच्या कंपनीचा एक रुपया जात नाही, जातो आमचा. माझा माल असा जादा गेला तर मला कुणी कळवतही नाही. स्टॉक जुळेना की मी रात्री गोदामात मोजत बसतो, आणि खरं सांगतो, कामावरच्या माणसांकडे संशयाने बघायची वेळ येते. ते फार वाईट असतं.

खोक्यावरच्या नंबरवर फोन करा आणि त्यानंतर व्हॉट्सॲपवर लिहूनही ठेवा, ऑर्डर नंबर आणि फोटो टाकून. त्याला सांगा, कुरिअर तुम्ही बुक करा, नाहीतर ट्रान्सपोर्टने ‘टू-पे’ पाठवते, म्हणजे भाडं माल उतरवून घेणारा देतो. खोकं बंद करताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. मशीनवर नंबर असतील तर तेही टिपून ठेवा.

अजून एक. तुमच्या बायकांना मशीनची गरज आहेच, तर तेही त्याला मोकळेपणाने विचारा. परतीचं भाडं, खोकं हाताळताना होणारी मोडतोड, ॲपचं कमिशन हे सगळं वाचणार असेल तर तो खरेदीच्या भावात एखादं सोडू शकतो. मी तरी सोडलं असतं.

मावशींचं काय ते मला सांगता येणार नाही. माझी आईही विड्या वळायची. तिला असं काही पटवायची माझी हिंमत झाली नसती.

बार्शीकर

मावशींना पटवू नकाच, असं माझं मत. त्यांच्यावर अन्याय झाला हे आधी कबूल करा, मोठ्याने, गटासमोर. मग विचारा की सुरतेच्या खोक्यात आपल्याला त्यांचा कारखानदार दिसतो की त्यांच्यासारखीच मजुरीवर बसलेली एखादी बाई. बाकी त्या ठरवतील. आयुष्यभर ज्यांचा माल दुसऱ्यांनी मोजला, त्यांना मोजणाऱ्याचं दुःख तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चटणीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. रिटर्नचं बटण मी दाबणारच होते, टॉवेलवाले भाऊ, वाचवलंत.

फोन केला. पलीकडे बाईच निघाल्या, नवरा-बायको मिळून दुकान चालवतात. हिंदी-गुजराती मिसळून बोलणं झालं. त्यांना आधी वाटलं मी तक्रारच करतेय, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं की मशीन बिघडलेलं नाही, जादा आलंय. दोन मशीनं टू-पे परत मागवली आहेत. एक खरेदीच्या भावात गटाला द्यायला तयार झाल्या, पैसे दोन हप्त्यांत.

मीटिंगमध्ये बार्शीकरांनी सुचवलं तसंच बोलले. मावशींना अजून पटलेलं नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही पाठवा, मी आडवी येत न्हाई. पण माझं जे गेलं ते मी विसरत न्हाई.” मला हे मान्य आहे. विसरा असं मी म्हणणारही नाही. गटाने घेतलेलं ते मशीन त्यांच्या घरी ठेवायचं असं सगळ्यांनी ठरवलं, कारण विड्यांचं काम सुटल्यापासून पाकिटांचं सर्वात जास्त काम त्याच करतात.

आता एवढंच राहिलं: सोलापूरहून सुरतेला टू-पे माल घेणारं, लहान खोकं नीट हाताळणारं ट्रान्सपोर्ट कुणाला माहीत आहे का? आमच्यापैकी कुणी कधी पाठवलेलं नाही. विजापूर रोड किंवा सात रस्त्याच्या बाजूला बुकिंग ऑफिस असेल तर बरं, रिक्षाचं भाडं कमी पडेल. आणि बुकिंगला आधार कार्ड लागतं का, तेही सांगा.