मदत हवी आहे: बाळाचा लळा नेमका तपासतात कसा?

लेक तेरा महिन्यांची आहे. परवा मी नको तो शहाणपणा केला. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या 'स्ट्रेंज सिच्युएशन'बद्दल, म्हणजे आईला थोडा वेळ बाहेर पाठवून बाळाचा लळा तपासण्याच्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि घरीच करून पाहिलं. लेकीला हॉलमध्ये शेजारच्या मावशींजवळ ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं, घड्याळात तीन मिनिटं मोजली. रडणं नाही, काही नाही. बाहेर आले तर बाईसाहेब डब्यांची झाकणं एकमेकांवर आपटत बसलेल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, एक झाकण माझ्यापुढे धरलं, की परत आपटणं चालू.

तेव्हापासून 'टाळणारं मूल' (आई परतली तरी तिच्याकडे पाठ फिरवणारं) हे शब्द डोक्यातून जात नाहीयेत. नवरा म्हणतो, "मावशी रोज येतात, त्या कसल्या अनोळखी!" ते खरंच आहे. मूळ प्रयोगात खोली नवी, बाईही नवी. आई दोनदा बाहेर जाते, दुसऱ्या वेळी तर बाळ एकटंच राहतं. आणि किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, जवळ येऊन शांत होतं की मान फिरवतं, हे जास्त बघतात. पण पुढे वाचलं की मान फिरवणाऱ्या, वरून शांत दिसणाऱ्या बाळांच्याही हृदयाचे ठोके वाढलेले असतात (स्राउफ आणि वॉटर्स, १९७७). झालं, पुन्हा घोर लागला.

माझा खरा प्रश्न आजीचा आहे. मी नऊ ते सहा ऑफिसात, लेक सासूबाईंकडे. झोप आली की तिला त्यांचीच मांडी लागते. जपानमध्ये साप्पोरोला हाच प्रयोग झाला तेव्हा आईपासून फारशी लांब न राहिलेली बाळं इतकी रडली की समजूत न पटणाऱ्यांच्या गटात बरीच गेली. आमच्याकडे उलटं, मी जाणं हे रोजचंच. मग तिच्या न रडण्यातून काय समजायचं? आजीबरोबरचा लळा वेगळा तपासतात का?

दुसरं म्हणजे, एन्सवर्थबाईंनी बाल्टिमोरमध्ये या वीसेक मिनिटांच्या प्रयोगाआधी २६ घरांत वर्षभर जाऊन, एकेका भेटीत चार-चार तास बसून नोंदी केल्या होत्या. घरी बघूनच, वागण्याची वर्णनं लिहिलेली ९० कार्डं बाळाला किती लागू पडतात त्यानुसार लावायची वॉटर्स यांची पद्धतही आहे म्हणे. इथे बालमानसशास्त्रातलं कोणी ती वापरली आहे का? त्यात आई-बाळाचं नेमकं काय टिपतात?

प्रयोग परत करणार नाही, त्यावरून सासूबाईंनी आधीच झापलंय.