मदत हवी आहे: ट्रेस केल्यावर शिरोरेषा वाकडी येते

पोळ्याआधी ट्रॉलीच्या फाळक्यावर जुन्या पेंटरनं हातानं लिहिलेलं नाव जसंच्या तसं रेडियममध्ये कापून द्यायचंय. अक्षरं 4 इंच उंच. तसा फाँट कुठंच नाही, म्हणून 'दुसरा फाँट वापरा' चालणार नाही, गिऱ्हाईक ऐकत नाही.

फोटो समोरून सरळ घेतलाय आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवला, त्यामुळे पिक्सेल फुटलेले नाहीत. गिंप या फोटो एडिटरमध्ये तिप्पट मोठा केला, हलका गॉशियन ब्लर दिला, मग थ्रेशोल्ड मारून निव्वळ काळा-पांढरा केला. मग इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केला, म्हणजे चित्राच्या कडांवरून कापायच्या रेघा बनवल्या: सिंगल स्कॅन, ब्राइटनेस कटऑफ 0.45, स्पेकल्स 20. एज डिटेक्शन वापरत नाही, त्यात दुहेरी रेघ येते आणि कटिंग मशीनचं ब्लेड दोनदा फिरतं.

घोळ असा: स्मूद कॉर्नर्स 1 वर ठेवलं की 'ळ', 'क' च्या गोलाया छान येतात, पण शिरोरेषेची टोकं गोलटतात आणि सरळ कड लहरी होते. 0.4 वर आणलं की टोकं धारदार, पण गोलाईला पैलू पडतात. ऑप्टिमाइझ वाढवलं तर नोड (रेघेवरचे बिंदू) कमी होतात, मात्र 'श' ची गाठ बुजते. पाथ सिम्प्लिफाय तर सगळंच वितळवतं.

कोरलड्रॉ नाही. लॅपटॉप 4 जीबीचा, नेट भरवशाचं नाही, म्हणून ऑनलाइन साइट नको.

शिरोरेषा आयतानं वेगळी काढून युनियन करणं (दोन आकार जोडून एक करणं) हाच मार्ग आहे, की दोन सेटिंगचे ट्रेस जोडता येतात? आणि युनियननंतर सांध्यावर उरणारे फालतू नोड, गोलाई न बिघडवता कसे काढता?