ताईच्या गालातलं सिलिकॉन आठ वर्षांनी सुजलंय, विरघळवायचं इंजेक्शन देऊ का?

चाफा_ठाणे
ताईने 2016 साली एका पार्लरच्या माडीवर गाल भरून घेतले. 'परमनंट सिलिकॉन आहे, परत यायला नको' म्हणाले. कागद एकही नाही. आठ वर्षं काही झालं नाही. गेल्या महिन्यात दाढेचं रूट कॅनाल झालं आणि आठवड्याभरात उजवा गाल लालबुंद, आत शेंगदाण्याएवढ्या गाठी. एक जण म्हणतात, दोन इंजेक्शनांत विरघळेल. ताई तोंडाला ओढणी बांधून ऑफिसला जातेय, बघवत नाही.

रेणू_नाशिक
थांबा! ते बहुतेक हायल्युरोनिडेज असणार. त्याने हायल्युरोनिक ॲसिडचा फिलर (गाल-ओठ भरायचा जेल) विरघळतो, सिलिकॉनला ढिम्म काही होत नाही. माझ्या ओठात सिलिकॉनच होतं, तरी मला ते तीनदा टोचलं. पैसे गेले, सूज तिथेच.

आधी आत काय आहे ते कळू द्या. मला त्वचारोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीला पाठवलं, गाठीच्या मागे सगळं पांढरं धुरकट दिसलं. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी. डॉक्टरांनी स्लाइडचा फोटो दाखवला तर आंबोळीला पडते तशी जाळी! स्लाइड बनवताना सिलिकॉन निघून जातं, ती त्याची रिकामी घरं. भोवती पेशींचा वेढा, तोच ग्रॅन्युलोमा. वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि दाताच्या इन्फेक्शनसारखं निमित्त मिळालं की उसळतो.

इन्फेक्शन नाही याची खात्री करूनच त्यांनी स्टेरॉइडला हात लावला. आधी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, मग गाठीतच ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड, दर चार आठवड्यांनी अगदी थोडं. एकदम जास्त दिलं तर कातडी पातळ होऊन खड्डा पडतो. सूज बसायला सात महिने लागले. एक गाठ अजून जिभेला लागते.

मिलिंद६८
एकदाच कापून काढलं तर?

वॉर्ड_सिस्टर
मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात काम करते. एकच सुटी गाठ असेल तर काढतात. पण पातळ सिलिकॉन थेंबाथेंबाने चरबीत, स्नायूत मुरलेलं असतं आणि चेहरा हलवणारी नस गालातूनच जाते. सगळं निघेल असं कोणी छातीठोक सांगत असेल तर दुसरा सर्जन गाठा. सिलिकॉन तेल डोळ्याचा पडदा सुटला तर डोळ्यात भरतात, त्याला अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता आहे. चेहरा किंवा अंग भरायला मात्र नाही.

ताईंना थंडीताप, पू, कातडी काळी पडणं, धाप किंवा अंधुक दिसणं यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी. आणि गाल चोळू नका, शेकू नका.

चाफा_ठाणे
रेणूताई, सिस्टर, उद्याची इंजेक्शनची अपॉइंटमेंट आत्ताच फोन करून रद्द केली. काल रात्री ताईला कणकण होती, आम्ही दुर्लक्ष केलं. थर्मामीटर लावलाय, 101. निघतोय.