धनी नाही म्हणजे हिशेब नाही, हे कुणी ठरवलं?

हिशेबवही, नौपाडा
काल ठाण्याच्या गटावर एक संदेश फिरला: "परदेशातल्या इस्लामी मदत संस्थांना ना धनी ना हिशेब. पैसा कुठे जातो ते विचारायचं नाही." उदाहरण म्हणून इस्लामिक रिलीफचं नाव. खाली भराभर अंगठे उमटले. त्यांत एक अंगठा अशा विश्वस्तांचा आहे, ज्यांच्या ट्रस्टचे कागद मी स्वतः हाताळलेत. तो पाहिल्यापासून माझं डोकं शांत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एकवीस वर्षं राम मारुती रोडजवळ एका सीएंच्या कचेरीत मी ट्रस्टांचीच कामं केली. ट्रस्टला धनी नसतोच, विश्वस्त असतात. बघायचं एवढंच की त्यांना जाब कोण विचारतं आणि वेळ आली तर घरी कोण बसवतं.

१९८४ साली हानी अल-बन्ना या मूळच्या इजिप्तच्या डॉक्टरांनी बर्मिंगहॅममध्ये इस्लामिक रिलीफ काढली. आफ्रिकेत दुष्काळ होता, पहिली देणगी आली २० पेन्सची. आज चाळीसेक देशांत काम आहे. नोंदणी ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनकडे (आपल्या धर्मादाय आयुक्तांसारखं कार्यालय), म्हणजे आर्थिक वर्ष संपल्यापासून १० महिन्यांत विश्वस्तांचा अहवाल आणि ऑडिट झालेले हिशेब दाखल करावेच लागतात. ते कुणालाही घरबसल्या, फुकट वाचता येतात. २००५ पासून ती तिथल्या डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटीत, म्हणजे आपत्तीत एकत्र निधी गोळा करणाऱ्या संस्थांच्या गटात आहे, ब्रिटिश रेड क्रॉस, ऑक्सफॅम, ख्रिश्चन एड यांच्या पंगतीत. आपल्याकडे शेजारच्या ट्रस्टचा ताळेबंद बघायचा तर अर्ज करा, नकलेचे पैसे भरा आणि फाईल सापडेपर्यंत खेटे घाला.

२०२० साली एका विश्वस्ताच्या ज्यूंविरुद्धच्या जुन्या पोस्ट वर्तमानपत्राने बाहेर काढल्या. जुलैत त्याने राजीनामा दिला. लगेच दुसऱ्या एकाचं तसंच निघालं आणि ऑगस्टमध्ये अख्खं मंडळ पायउतार झालं, नवं निवडलं गेलं. चौकशीचं काम ब्रिटनचे माजी ॲटर्नी जनरल डॉमिनिक ग्रीव्ह यांच्याकडे दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांचा अहवाल जाहीर केला. विश्वस्त नेमताना नीट पारखून घ्या, असं त्यात स्पष्ट सांगितलंय.

आपल्या जिल्ह्यात एकदोघांच्या वागण्यापायी सगळ्यांनी खुर्च्या सोडल्या, असा एक तरी ट्रस्ट दाखवा. मी भरलेल्या बहुतेक चेंज रिपोर्टांत (विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय आयुक्तांना कळवायचा कागद) कारण एकच असायचं: विश्वस्त वारले, जागी चिरंजीव. नियम ९० दिवसांचा, कागद यायचे चार-चार वर्षांनी.

वागळे रोड नंबर २२
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण निम्मंच सांगितलंत. २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने याच संस्थेला दहशतवादी यादीत टाकलं. ते मुस्लिम राष्ट्र आहे, तिथे तर धर्मद्वेष म्हणता येणार नाही. इस्रायलने त्याच वर्षी बंदी घातली. २०१६ च्या सुरुवातीला एचएसबीसीने खाती बंद केल्याच्या बातम्या आल्या. एवढी मोठी बँक उगाच हात झटकते का? आणि मंडळ पायउतार झालं हे कौतुकाने सांगता, पण वर्तमानपत्राने छापेपर्यंत आतल्या कुणालाच काही दिसलं नाही? ही देखरेख म्हणायची का?

हिशेबवही, नौपाडा
शेवटचा मुद्दा बरोबर आहे. आतून कळायला हवं होतं, कळलं नाही. हा दोष मी नाकारत नाही.

बाकीचं नाही पटत. अमिरातीच्या यादीत तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या इतरही मुस्लिम संस्था होत्या आणि ब्रिटनने ती यादी मानली नाही. इस्रायलच्या आरोपानंतर संस्थेने एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीकडून वेस्ट बँकेतलं काम तपासून घेतलं, आरोपाला आधार सापडला नाही. आणि बँकांचं मला सांगू नका. आमच्या कचेरीतल्या एका बालवाडी ट्रस्टचं खातं बँकेने सात महिने गोठवलं, कारण एका विश्वस्त बाईंच्या लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावात फरक. सेविकांचे पगार अध्यक्षबाईंनी बांगड्या गहाण ठेवून दिले. बँक धोका टाळते. त्यावरून समोरचा चोर ठरत नाही.

कौसाकर
मी मुंब्रा-कौसाचा, कोकणी मुसलमान. ताईंचे आभार, पण मला दोघांशीही भांडायचंय. माझा चुलत भाऊ बर्मिंगहॅमला असतो, दर रमजानला त्याच संस्थेला जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान देतो. मी देत नाही. कारण दहशतवाद वगैरे नाही, "शंभर टक्के देणगी गरजूंपर्यंत" ही भाषा. ब्रिटनमधल्या बऱ्याच मुस्लिम संस्था ती वापरतात. अरे, मग कचेरीचं भाडं कोण भरतं? भाऊ म्हणतो, गिफ्ट एड. म्हणजे करदात्याने १ पौंड दिला की सरकार वर २५ पेन्स देतं, त्यातून खर्च भागवायचा. पण तोही देणगीचाच पैसा ना! जाहिरातीत आकडा चांगला दिसावा म्हणून या खिशातलं त्या खिशात.

यात लपवण्यासारखं काही नाहीच, हेच मला खुपतं. जकातीचे आठ हकदार कुराणात दिलेत, त्यांत जकात गोळा करणारे-वाटणारेही आहेत. आम्ही शाफई, म्हणजे इमाम शाफईंची धर्मशास्त्र-परंपरा मानणारे. इमाम शाफईंच्या मते त्यांचा वाटा आठव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. म्हणजे १२.५ टक्के. मग सरळ सांगा की आम्ही खर्चाला इतकं घेतो. देणारा देईल. शंभर टक्के म्हणता तेव्हा खरं काम करणाऱ्या छोट्या संस्थांना लोक चोर समजतात.

२६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी खिचडीची पातेली आली ती जमातीतून, म्हणजे आमच्या वस्तीतल्या मुसलमानांच्या मंडळाकडून. वाटणारी पोरं आमच्याच बिल्डिंगची. त्यांच्याकडे पावतीपुस्तकसुद्धा नव्हतं, पण कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे ते त्यांना ठाऊक होतं.

वागळे रोड नंबर २२
पावतीपुस्तक नव्हतं, हे अभिमानाने सांगताय?

कौसाकर
खिचडीला पावती मागणारा माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलेला नसतो. आणि पावतीवाल्यांचं काय झालं तेही ऐका. २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला. आता परदेशातून आलेला पैसा नोंदणी असलेली मोठी संस्था लहान संस्थेला पुढे देऊच शकत नाही. खातं उघडायचं ते दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. कचेरीखर्च ५० टक्क्यांवरून २० वर आणला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या इथे बायकांसाठी शिवणवर्ग चालायचा, तो एका मोठ्या संस्थेकडून येणाऱ्या पैशांवर. कायदा आला, वर्ग बंद पडला, मशिनं एका खोलीत पडून आहेत. हिशेब चोख होते बरं का. सगळे कागद होते.

खारीगाव पूर्व
बर्मिंगहॅम राहू द्या बाजूला. ट्रस्ट म्हटलं की माझी नस दुखते, म्हणून मध्ये बोलतो. धर्मादाय कायद्याखाली नोंदलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या. मुंबई उच्च न्यायालयाची योजना, २००६ पासून लागू. बिलांच्या २ टक्के रक्कम याच रुग्णांसाठी वेगळ्या निधीत ठेवायची. तातडीचा रुग्ण आला तर अनामत मागायची नाही.

आता माझं ऐका. सासरे पडले, खुब्याचं हाड मोडलं. एका धर्मादाय रुग्णालयात नेलं. पिवळं रेशनकार्ड, तहसीलदारांचा दाखला, सगळं हातात. काउंटरवरच्या मुलीने वरसुद्धा न बघता सांगितलं, "राखीव खाटा भरल्यात, साठ हजार भरा." समाजसेवकाला भेटायचं म्हटलं, तर ते जेवायला गेले होते. साडेअकराला! बायकोने मंगळसूत्र मोडलं. नंतर माहितीच्या अधिकारात विचारलं तर त्या दिवशी राखीव खाटांपैकी चार रिकाम्या होत्या. हे सगळे विश्वस्त सत्कारात शाल घेतात. इस्लामिक काय अन् हिंदू काय.

पाचपाखाडीकर
मी एका छोट्या धर्मादाय रुग्णालयाचा विश्वस्त आहे. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत घडलं ते वाईट. पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. २ टक्क्यांचा निधी आमच्याकडे जानेवारीतच संपतो. पुढचं कुठून आणायचं? चारचाकीतून उतरून निर्धनाचा दाखला दाखवणारे मी स्वतः पाहिलेत. नगरसेवकाची चिठ्ठी आणणारे रोजचे. परिचारिकांना पगार द्यायचा की नाही?

खारीगाव पूर्व
मी चारचाकीतून उतरलो नव्हतो. रिक्षात सासऱ्यांचा पाय मांडीवर धरून आलो होतो. सवलतीची जमीन, करमाफी घेताना कोणत्या गाडीतून उतरलात ते कुणी विचारलं होतं का?

पाचपाखाडीकर
तोंड सांभाळून बोला. आमची जागा माझ्या आजोबांनी स्वतःच्या पैशाने घेऊन दिलेली आहे, सरकारची एक वीट नाही.

खारीगाव पूर्व
आजोबांनी दिली तेव्हाच ती तुमची राहिली नाही! वर ताईंनी तेच लिहिलंय. धनी नसतो.

कौसाकर
या एका वाक्यावर मी खारीगावच्या दादांच्या बाजूने. वक्फ म्हणजे तरी दुसरं काय. एकदा अल्लाहच्या नावे केलं की मुतवल्ली फक्त राखणदार. आणि आमच्याकडेही मुतवल्लीची गादी बापाकडून लेकाकडे जाते, ते मी जमातीच्या बैठकीत उभं राहून बोललोय. दोन ईद माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

वागळे रोड नंबर २२
काल रात्री त्या संस्थेचा वार्षिक अहवाल उघडून बसलो, दीड वाजेपर्यंत. कोणत्या देशात किती, राखीव निधी किती, धोके कोणते, सगळं आहे. विश्वस्तांची नावं आहेत. तेव्हा "हिशेब नाही" हे वाक्य चूक होतं. मी तो संदेश पुढे तीन गटांत पाठवला होता, तिथे दुरुस्ती टाकतो.

बाकी मत तेच आहे. अमेरिकेतली इस्लामिक रिलीफ ही वेगळी कायदेशीर संस्था, तिचं मंडळ वेगळं, आणि नाव तेच. एकीकडे चूक झाली की दुसरी म्हणणार, आमचा संबंध नाही. देणगी मागताना मात्र सगळे एक कुटुंब.

हिशेबवही, नौपाडा
हा आक्षेप खरा आहे, आणि तो सगळ्याच आंतरराष्ट्रीय संस्थांना लागू होतो. प्रत्येक देशाचा करकायदा वेगळा, म्हणून वेगळ्या नोंदण्या लागतात. बर्मिंगहॅमवाल्यांच्या रचनेत निरनिराळ्या देशांतल्या संस्थांचे प्रतिनिधी असलेली आमसभा विश्वस्त निवडते. म्हणजे मंडळाने मंडळच नेमायचं, असं नाही. एवढ्याने प्रश्न सुटतो असं मी म्हणणार नाही. आमसभेत बसणारेही एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात.

कौसाकर, शंभर टक्क्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. मी असते तर ते वाक्य छापू दिलं नसतं.

पाचपाखाडीकर
हिशेबवही, पहिल्या पोस्टमधला अंगठा माझा. नाव घेतलं नाहीत, पण इथे ओळखणारे ओळखतात. आमचा २०१९ चा चेंज रिपोर्ट अजून भरायचा राहिलाय. वडील गेले, मी आलो. कागदोपत्री वडीलच विश्वस्त आहेत. मला हे चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं, याचा राग आहे.

हिशेबवही, नौपाडा
राग धरा. तुम्हाला मी दोनदा आठवण केली होती. मृत्यूचा दाखला, ठराव आणि तुमचं संमतिपत्र घेऊन सोमवारी या. उशीर माफ करण्याचा अर्ज मी लिहून देते. मात्र दुसरी रिकामी जागाही त्याच वेळी भरा, आणि ती घरातल्या माणसाने भरू नका.

खारीगाव पूर्व
आणि राखीव खाटांचा फलक दारात लावा, रोज आकडा बदलून. मी येऊन बघणार आहे.

पाचपाखाडीकर
फलक आहे. आकडा रोज बदलत नाही, हे कबूल. या बघायला.