माती परीक्षणाच्या कार्डावरचा लॉग
लॉग (लॉगरिदम) रोजच्या जगण्यात कुठे भेटतो, असं विचारलं की चक्रवाढ व्याज आणि भूकंप ही उदाहरणं येतात; त्यात आमच्या रावेरकडचं (जि. जळगाव) एक जोडतो. केळीच्या बागेची माती तपासली. वरच्या शेताचा सामू (pH) ७.४, नाल्याकडच्या तुकड्याचा ८.४. वडील म्हणाले, "एकाचाच तर फरक!" पण सामू म्हणजे हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेचा दहाच्या पायावरचा ऋण लॉग (लॉग म्हणजे दहाचा कितवा घात, ते सांगणारा आकडा). एक अंक चढला की ते आयन दहापट कमी. लोहाचं तर त्याहून वाईट: लोहाच्या एका फेरिक आयनाला (Fe³⁺) न विरघळणारा साका बनायला तीन हायड्रॉक्सिल (OH⁻) लागतात आणि सामू एकाने वाढला की हायड्रॉक्सिल दहापट होतात, त्यामुळे मातीच्या पाण्यातले मोकळे फेरिक आयन हजारपट घटतात. नाल्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या का, ते तेव्हा उमगलं. अशा जमिनीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) ओतून फार काही हाती लागत नाही, ते लगेच अडकून बसतं.

आणि हो, दोन्ही आकड्यांची सरासरी ७.९ धरू नका. (मीही आधी तेच केलं होतं, बारावीला गणित असून!) आयनांची सरासरी काढून परत लॉग घेतला तर ७.६६ येतात. त्यापेक्षा दोन्ही तुकड्यांचे नमुने वेगळेच द्यावेत.